उलट नोंद

मराठीच्या प्राध्यापिकेने संगणकप्रणालींच्या रचनेविषयी लिहावे, हे अनेकांना अनाठायी वाटेल. काही वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटले असते. ‘आकृतिबंध’ हा शब्द मी गेली अठरा वर्षे वर्गात उच्चारत आले आहे. तो मला नव्याने शिकवला, मात्र, समीक्षेच्या एखाद्या ग्रंथाने नव्हे, तर एका विद्यार्थिनीच्या पासबुकाने.

परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरण्याचा शेवटचा दिवस होता. द्वितीय वर्षाची एक मुलगी मोबाइल हातात धरून विभागात आली. तिच्या खात्यातून शुल्काचे पैसे गेले होते, पण अर्जासमोर शुल्क मिळाले नसल्याचे दिसत होते. पैसे उसने आणलेले. पुन्हा भरायला जवळ काही नव्हते. मी म्हणाले, “काळजी करू नकोस. पैसे कुठे जात नाहीत.” माझे बोलणे खरे ठरले. पाचव्या दिवशी पैसे परत आले. तोवर मुदत संपली होती आणि तिचे सत्र बुडाले होते. पासबुकात दोन ओळी उमटल्या होत्या : एक रक्कम नावे, तिच्याखाली तेवढीच जमा. बँकेच्या दृष्टीने हिशेब पुरा झाला होता. त्या दिवशी तेवढे पैसे माझ्या पर्समध्ये होते. ते मी भरले नाहीत. कारण माझा प्रणालीवर विश्वास होता.

माझा भाचा पुण्यात आर्थिक व्यवहारांची सॉफ्टवेअर लिहितो. ती प्रणाली त्याची नव्हती, तरी माझा सगळा राग मी त्याच्यावर काढला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, “मावशी, याचे पॅटर्न ठरलेले असतात.” शब्द ओळखीचा वाटला म्हणून मी ऐकू लागले.

ही कल्पना मुळात वास्तुरचनेतली. ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली ‘अ पॅटर्न लँग्वेज’ या ग्रंथात २५३ आकृतिबंध मांडले. पुन्हापुन्हा उद्भवणारी अडचण आणि तिच्या उत्तराचा गाभा, असे प्रत्येकाचे स्वरूप. खिडकीपासून नगरापर्यंत सारे त्यात आहे. १९९४ मध्ये एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांनी त्याच धर्तीवर सॉफ्टवेअरचे २३ आकृतिबंध नोंदवले. त्यांतल्या ‘कमांड’ या आकृतिबंधात प्रत्येक कृती स्वतंत्र वस्तूसारखी बांधली जाते. ती कशी करायची आणि गरज पडल्यास कशी मागे घ्यायची, हे दोन्ही तिच्यातच ठेवता येते. पुढे मार्टिन फाउलर यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात ‘युनिट ऑफ वर्क’ सांगितला : एका कामातले सगळे बदल आधी गोळा करायचे आणि मग एकत्रच नोंदवायचे. मागचे सूत्र एकच. व्यवहार पूर्ण तरी व्हावा, नाही तर मुळीच होऊ नये. अर्ध्यावर लोंबकळू नये.

एकाच वहीत नोंदी असतील तर हे साधते. परीक्षाशुल्काचा प्रवास मात्र बँक, पैसे पोहोचवणारी मधली यंत्रणा आणि परीक्षा विभाग असा होतो. प्रत्येकाची वही निराळी. सगळ्यांच्या वह्या एकदम अडवून ठेवणे कुणालाच परवडत नाही. अशा लांबणाऱ्या व्यवहारांसाठी प्रिन्स्टनच्या हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ साली एक रचना मांडली. तिचे नाव ‘सागा’. मोठ्या व्यवहाराच्या लहान लहान पायऱ्या करायच्या आणि प्रत्येक पायरीला भरपाईची एक उलट पायरी जोडायची. मध्येच काही फसले, तर झालेल्या पायऱ्यांची भरपाई उलट क्रमाने करत मागे यायचे. भरपाई म्हणजे पुसून टाकणे नव्हे. आधीची स्थिती जशीच्या तशी परत येईल, अशी हमी ही रचना देत नाही.

माझे वडील एका पतपेढीत कीर्द-खतावणी लिहीत. चुकलेल्या नोंदीवर खाडाखोड करायची नाही, खाली उलट नोंद करायची, हा त्यांचा शिरस्ता. आणि ‘सागा’ म्हटल्यावर साहित्याच्या शिक्षकाला आइसलँडच्या मध्ययुगीन गद्यकथा आठवणारच. ‘न्यालची सागा’ मध्ये गुन्नार आणि न्याल हे जिवलग मित्र, पण त्यांच्या बायकांचे वैर. एकीने दुसरीचा चाकर मारवला, की नवरा मित्राला चांदी मोजून देतो. पुढच्या खुनानंतर भरपाई म्हणून तीच चांदी परत येते आणि गुन्नार ती ओळखतो. हिशेब चोख राहतो. माणसे मात्र एकामागून एक जातच राहतात. संशोधकांनी ते नाव कोणत्याही हेतूने घेतलेले असो, मला ते अन्वर्थक वाटते.

मी भाच्याला विचारले, “पैशाला उलट पायरी होती. मुदतीला कुठली?”

थोडा वेळ थांबून तो म्हणाला, “मुदत ही पायरी म्हणून कुणी लिहिलीच नव्हती, मावशी. मग तिची उलट पायरी कुठून असणार?”

या उत्तरात मला आमच्याच शास्त्राचा प्रश्न दिसला. आकृतिबंध कलाकृतीला घाट देतो, तेव्हा तो काय आत घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे हेही ठरवतो. हे आपण वर्गात शिकवतो. कथेच्या घाटाबाहेर राहिलेले पात्र फार तर वाचकाला चुटपुट लावते. व्यवहाराच्या घाटाबाहेर राहिलेल्या मुलीचे सत्र जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाने अशा फसलेल्या व्यवहारांत पैसे परत करण्याची मुदत ठरवली आणि ती ओलांडल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईही ठरवली. पैशाच्या विलंबाचे मोल झाले. इथे तर पैसे पाचव्याच दिवशी आले होते. नियमाप्रमाणे कुणाचेच काही चुकले नव्हते.

भाच्याकडून मी आणखी एक गोष्ट उचलली. प्रत्यक्ष बदल करण्याआधी तो करणार असल्याची नोंद वेगळी लिहून ठेवायची, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काय करायचे होते ते कळते. आता अर्जांच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या विभागात एक साधी वही असते. नाव, वेळ, व्यवहार क्रमांक, अर्ज क्रमांक, माझी सही. त्याच संध्याकाळी तिची प्रत परीक्षा विभागाकडे जाते. वहीशेजारी आम्हा शिक्षकांच्या वर्गणीचा एक डबा असतो. अडलेल्या मुलाचे शुल्क त्यातून पुन्हा भरायचे, पैसे परत आले की त्याने ते डब्यात टाकायचे. त्याच नोटा पुन्हापुन्हा फिरतात.

ती मुलगी पुढच्या वर्षी परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. पेढे घेऊन आली तेव्हा त्या दिवसाविषयी तिच्याशी बोलायचे मी मनाशी ठरवले होते. मी सुरुवात केली, तोच ती घाईघाईने म्हणाली, “मॅडम, पैसे परत आले होते हो.”

ती माझीच समजूत घालत होती.