जुन्या नावाची पाटी

२०१५ च्या रमजान ईदला मी कामरगावला घरी होतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कारंज्याहून चाचांचा फोन आला, "बेटा, तुझ्या अब्बांचे लेख दिसत नाहीयेत. काहीतरी इंग्रजीच येतंय."

अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शेती, शाळा, गावातली माणसं यांवर मराठीत लिहायचे. ते गेल्यावर मी त्यांच्या वह्या टाईप करून भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर ठेवल्या. चाचा रोज एक लेख वाचत. त्यांच्यासाठी ती भावाची भेटच होती.

चूक माझीच होती. आदल्या रात्री गच्चीवर रेंज चांगली मिळाली, म्हणून सर्व्हरवरचं डेबियन व्हीझीवरून जेसीवर नेलं. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या जेसीसोबत अपाचे हा वेब सर्व्हर २.२ वरून २.४ वर जातो. मधे बदलांची सूचना आली होती. मी ती न वाचता पुढे गेलो.

बदल काय होता? आधी अपाचे चालवायच्या प्रत्येक पद्धतीचा प्रोग्राम वेगळा होता आणि तो निवडायचं पॅकेजही वेगळं. प्रीफोर्कमध्ये प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रोसेस, वर्करमध्ये एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड, इव्हेंटमध्ये रिकाम्या थांबलेल्या जोडण्या थ्रेड अडवून बसत नाहीत. यातलं एकच पॅकेज एका वेळी ठेवता यायचं. म्हणजे चुलीऐवजी गॅस हवा तर स्वयंपाकघरच बदला! २.४ मध्ये या पद्धती मोड्यूल झाल्या. डेबियनने त्या एकाच पॅकेजात आणल्या. आता स्वयंपाकघर तेच, शेगडी तेवढी बदलायची. मॅक्रो नावाचं बाहेरचं मोड्यूलही मुख्य अपाचेतच सामावलं गेलं.

मला भावलं ते पुढचं. जुन्या पॅकेजांची नावं एकदम पुसली नाहीत. त्या नावाचं रिकामं पॅकेज जेसीत ठेवलं. आत काही नाही, फक्त 'माणसं आता त्या घरात राहतात' असं सांगणारी पाटी. त्यामुळे जुनं नाव धरून बसलेला सर्व्हरही नव्या घरी पोचतो. आपल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. असे निर्णय किती दूर पोचतात, ते यावरून कळतं.

पण माझ्या हाताने लिहिलेल्या फाईलला पाटी कोण लावणार? नव्या डेबियनमध्ये अपाचे साईटच्या फक्त '.कॉन्फ' शेवट असलेल्या फाईली वाचतो. माझ्या फाईलच्या नावाला ते शेपूट नव्हतं. ती वाचलीच गेली नाही आणि चाचांना डेबियनचं स्वागताचं पान दिसलं.

नाव बदललं, साईट पुन्हा चालू केली, तर 'मनाई आहे' असा निरोप. लॉगमध्ये लिहिलं होतं, सर्व्हरच्या मांडणीनुसार प्रवेश नाकारला. लेख मी 'एसआरव्ही' फोल्डरमध्ये ठेवले होते. नव्या मांडणीत मुळापासून सगळं बंद, आणि ठरावीक जागाच उघड्या. परवानगीची भाषाही बदललेली. जुन्या 'ऑर्डर' आणि 'अलाऊ'च्या ओळी काढून 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' लिहिलं, अपाचे पुन्हा वाचायला लावला. लेख आले.

एकही लेख हरवला नव्हता. सगळे जागेवरच होते, पण तिथवर जायची वाट बंद होती. चार तास अम्मी विचारत राहिली, "अब्बांचं सगळं गेलं का रे?" तिला पॅकेज आणि मोड्यूल काय सांगणार? तिच्यासाठी न दिसणं म्हणजे नसणंच.

त्या दिवसापासून अपग्रेडआधी मी दोन कामं करतो. लेखांची आणि सेटिंगची प्रत वेगळी काढतो आणि सूचना शेवटपर्यंत वाचतो. विखुरलेलं एकत्र आणणं चांगलंच, पण एकत्र आणणाऱ्याने जुन्या पत्त्यावर पाटी ठेवावी आणि येणाऱ्याने ती वाचावी. डेबियनवाल्यांनी त्यांचं काम केलं होतं. माझं राहिलं होतं.

संध्याकाळी चाचांना फोन केला. ते म्हणाले, "दिसतंय. आता थांब, वाचू दे."