दहा फुटांवरचा स्कोअर

मध्यंतरी शनिवार-रविवार जोडून साताऱ्याला घरी गेलो होतो. टीव्हीवर मॅच चालू होती आणि बाबा दर दोन-तीन ओव्हर्सनी विचारत होते, "किती झाले रे?" ज्या माणसाने मला रेडिओवरची कॉमेंट्री ऐकता ऐकता रनरेट काढायला शिकवलं, तो स्कोअर विचारतोय म्हणजे काहीतरी गडबड होती. मी म्हटलं, "खाली पट्टीवर येतंय की, बाबा." "हो, येतंय ना," म्हणाले आणि गप्प बसले. पुढच्या ओव्हरला पुन्हा विचारलं, पण या वेळी आईला.

स्वैपाकघरात आईने हळूच सांगितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, पण साखरेने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम केलाय आणि आता चष्म्याचा नंबर बदलून काही उपयोग नाही. "मग खुर्ची पुढे ओढून का बसत नाहीत?" "तूच विचार त्यांना." मी कसला विचारतोय! "मागे सरक, डोळे जातील" हे वाक्य आम्ही भावंडांनी लहानपणी रोज ऐकलंय. ते म्हणणाऱ्या माणसाला टीव्हीपुढे खुर्ची ओढून बस म्हणून कोण सांगणार?

तर मोठा टीव्ही घ्यायचं ठरलं. बजेट चाळीस हजार. फ्लॅटचा हप्ता आणि शाळेची फी गेल्यावर एवढेच उरतात, त्यामुळे त्यावर चर्चा नाही.

आता आम्ही पडलो इंजिनियर. रिक्वायरमेंट कळायच्या आधीच डिझाइन सुरू! सोमवारी हापिसात एक्सेल शीट उघडली, शुक्रवारपर्यंत तिला अठरा कॉलम झाले. टीममधल्या एकाने "ओएलईडीशिवाय घेऊच नकोस" असा सल्ला दिला. चाळीस हजारांत ओएलईडीचं बहुतेक खोकं मिळालं असतं.

शनिवारी पुण्यातल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. तिथे सगळे टीव्ही भडक मोडवर लावलेले आणि पडद्यावर तेच ते: मध ओघळतोय, पोपट उडतोय, कोणीतरी डाळिंब फोडतंय. या जगात सिरियल, बातम्या वगैरे कोणी बघतच नाही. मला ४३ इंची क्यूएलईडी भयंकर आवडला. जवळजवळ तेवढ्याच पैशांत शेजारी ५५ इंची साधा ४के होता, पण त्याच्यापुढे हा म्हणजे अगदी नवरीसारखा नटलेला. (क्यूएलईडी म्हणजेही मागे एलईडीचा प्रकाशच, फक्त रंग खुलवणारा एक जादा थर. नावातल्या साम्यामुळे भले भले फसतात.) दोन्हींवर एचडीआरचा स्टिकर होता. या किमतीत त्या स्टिकरला फार भाव देऊ नये. एचडीआरचे सिनेमे बहुतेक वेळा हजार निट्सची झळाळी धरून बनवलेले असतात आणि स्वस्तातला पडदा अडीचशे-तीनशेवर दमतो. फाइल उघडते एवढंच.

मी ४३ इंची जवळपास बुकच करत होतो. मग वाटलं, एकदा घरी जाऊन हॉल मोजून यावा.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. डोळे तपासायला चला म्हटलं असतं तर उठले नसते, पण "हॉल मोजायचाय" म्हटल्याबरोबर स्वतःची जुनी टेप घेऊन आले. कोचावरून टीव्ही बरोबर दहा फूट. मी बातम्यांचं चॅनल लावलं आणि म्हटलं, खालची पट्टी वाचता येईपर्यंत हळूहळू पुढे या. प्रयोग म्हटल्यावर त्यांना काही वाटलं नाही. नऊ, आठ, सात... सहा फुटांवर त्यांनी खाडकन पूर्ण ओळ वाचली. टीव्ही होता ३२ इंची. पुढचं त्रैराशिक त्यांनीच तोंडी केलं: "सहाला बत्तीस, तर दहाला त्रेपन्न पूर्णांक एक तृतीयांश." मग क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे मला दिसत नाही म्हणून चाललंय तर हे."

मी काय बोलणार? टेप गुंडाळत बसलो.

त्या रात्री आणखी एक गणित केलं आणि जरा वाईटच वाटलं. २००३ च्या वर्ल्ड कपसाठी बाबांनी २९ इंची डबा टीव्ही घेतला होता. नोकरी लागल्यावर २०१४ मध्ये तो काढून मी मोठ्या ऐटीत ३२ इंची एलईडी आणला. पण टीव्हीचे इंच मोजतात तिरके, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. जुना पडदा ४:३ चा, उंची सोळा-सतरा इंच. नवा १६:९ चा, उंची पावणेसोळाच्या आसपास. म्हणजे मी तीन इंच वाढवून चित्र रुंद केलं आणि उंचीला कमी केलं! माझ्या आवडत्या ४३ इंचीची उंची होते एकवीस इंच. ५५ इंचीची सत्तावीस, आणि एकूण पडदा ४३ इंचीच्या दीडपटीहूनही मोठा. रंग-बिंग सोडून द्या, त्रेपन्नच्या खाली काही घेऊन उपयोगच नव्हता. एक्सेलचे सतरा कॉलम उडवले.

४के की फुल एचडी हा वादही दहा फुटांवर निकालात निघतो. निरोगी डोळ्यालासुद्धा ५५ इंची ४के पडद्यावरचे ठिपके साडेतीन फुटांपलीकडे सुटे दिसत नाहीत आणि फुल एचडीचे सात फुटांपलीकडे. अर्थात या आकारात आता बहुतेक सगळे ४केच मिळतात, त्यामुळे निवडायचं असं काही राहत नाही. खरी भानगड आहे डिश टीव्हीची. साध्या चॅनलचं चित्र ५७६ ओळींचं, ते २१६० ओळींवर ताणलं की माणसं लोण्याची दिसतात. म्हणून एचडी पॅकचे महिन्याचे पैसेही बजेटमध्ये धरावेत. मी धरले नव्हते.

पॅनेलमध्ये दोन प्रकार. व्हीएमध्ये काळा रंग खरंच काळा दिसतो, पण बाजूने बघितलं की चित्र फिकं पडतं. आयपीएसचं बरोबर उलट. आई स्वैपाकघराच्या दारात, एका कडेला भाजी निवडत बसते, म्हणून तिला विचारलं. "मी कुठे बघते? मी ऐकते नुसती." व्हीए घेतला.

टीव्ही पोवई नाक्याजवळच्या दुकानातून घेतला, कारण उद्या काही बिघडलं तर माणूस साताऱ्यातलाच यायला हवा. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचाही थोडा हातभार लागला. छत्तीस हजारांत बसला. बाबा म्हणाले, "थिएटर काढायचंय का?" फिटिंगवाला तो देवाच्या फोटोसारखा उंच टांगायला निघाला होता. बसल्यावर डोळे येतात तिथे पडद्याचा मध्य आणायला लावला. त्यासाठी कालनिर्णय हलवावं लागलं, यावर आई अजून नाराज आहे.

मग सेटिंगमध्ये जाऊन भडक मोड काढला आणि चित्र गुळगुळीत करणारं मोशनचं खूळ बंद केलं. त्याने सिनेमासुद्धा सिरियलसारखा दिसतो.

पुढच्या रविवारी मॅच होती. मी आत चहा टाकत होतो. आतूनच ओरडलो, "बाबा, किती झाले?"

"एकशे बेचाळीसला तीन. सोळा पॉइंट दोन. रेट काढ."

मी मोबाईल काढला.

"तोंडी."

हे त्यांना बाहेरून कसं दिसलं, कोण जाणे.