दासोपंतांची पासोडी आणि आमची डिस्क

प्रवासात ओझे थोडे असावे, हे शहाणपण आम्हांस पन्नाशी उलटल्यावर सुचले. म्हणून अंबाजोगाईस निघताना लॅपटॉप घरी ठेवला व कॅमेऱ्याच्या सोबतीस टॅब्लेट आणि मुठीत मावेल अशी हार्ड डिस्क तेवढी घेतली. योगेश्वरीच्या पायऱ्यांवर विसावलेल्या आमच्या वृद्ध मातोश्रींचे छायाचित्र टिपले.

रात्री डिस्क जोडली, तो टॅब्लेट तिला ओळखीना! फिरत्या चकतीस लागणारी वीज त्याच्याकडून पुरेशी मिळत नव्हती. स्वतंत्र वीज घेणारा हब मध्ये जोडताच ओळख पटली. चित्रे उतरू लागली. पण डोळ्यांवर झोप आलेली! नक्कल पुरी होण्यापूर्वीच आम्ही वायर ओढली आणि कार्डही पुसून टाकले. सकाळी आईचे चित्र उघडेना. त्याच वर्षी ती गेली.

याच गावी दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे चाळीस फूट लांब कापडावर आपले 'पंचीकरण' लिहिले. ती पासोडी जीर्ण झाली, तरी चार शतके राहिली. तिला वीज लागली नाही. जपणारी माणसे मात्र लागली.

आता आम्ही उतरलेली चित्रे मोजतो, चार-दोन डिस्कवरूनच उघडून पाहतो आणि घरी दुसरी प्रत होईपर्यंत कार्ड पुसत नाही. आमचे विद्यार्थी या सावधगिरीस हसतात. हसोत बापडे, त्यांच्या आया अजून हिंडत्याफिरत्या आहेत.