रायणीचे पाय

मे महिन्यात बडोद्यात खंडेराव मार्केटच्या आसपास लाऱ्यांवर रायणं येतात. लिंबोळीएवढी, पिवळीधमक. तोंडात टाकलं की आधी गोडवा, मग ओठांना चिकटणारा चीक, आणि शेवटी जिभेवर उरते ती गुळगुळीत, चकाकती बी. ‘‘मासी, कुठली?’’ विचारलं, तर उत्तर बहुधा हालोलकडचं. बागेतली नव्हेत, शेताच्या बांधावरची, कुणी पाणी न घातलेली.

पारा बेचाळिशी ओलांडत असताना हे झाड फळतं, याचं मला फार अप्रूप आहे. बडोद्याला वर्षाकाठी साधारण ९०० मिलिमीटर पाऊस. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पुढचे आठ महिने झाडाचे झाडानंच काढायचे. म्हणून झाड निवडताना मी आधी त्याचा उन्हाळा बघते. बोर उन्हाळ्यात पानं गाळून स्वस्थ बसतं, पावसावर फुटतं, थंडीत फळं देतं. गोरखचिंच खोडातच पाणी साठवते. भायलीजवळ गणपतपुऱ्याला तिचं प्रचंड खोड जरूर पाहावं. रायण मात्र जाड, चिवट पानं मिरवत भर उन्हात हिरवीगार असते. तिचा सगळा भरवसा खोल गेलेल्या मुळावर.

या मुलखाला तो भरवसा माहीत असायला हवा. १८९९-१९०० चा छप्पन्निया दुष्काळ इथं अजून नावानं ओळखला जातो. १८९१ मध्ये बडोदा संस्थानात २४ लाखांवर माणसं होती. १९०१ च्या शिरगणतीत साडेएकोणीस लाखांच्या आसपास उरली. पाऊस दगा देतो तेव्हा अशाच झाडांचा आधार उरतो, म्हणून हा आकडा वाचल्यापासून बांधावरचं फळझाड तोडलेलं मला बघवत नाही.

आपण रोज खातो त्या चिकूची कलमं बहुतेक रायणीच्या रोपावर बांधतात. रोप कलमाजोगं व्हायलाच दीड-दोन वर्षं जातात, तरी रोपवाटिकावाले थांबतात, कारण तसं काटक मूळ दुसऱ्याचं नाही. पाय रायणीचे, नाव चिकूचं! मूळ ठेवलं आणि फळ विसरलो, हा अन्याय मला सलतो. गोध्र्याजवळ वेजलपूरच्या सरकारी बागायती केंद्रानं मात्र रायणीतून ‘थार ऋतुराज’ हा वाण निवडून काढला. बोरातला ‘गोमा कीर्ती’ आणि जांभळातला ‘गोमा प्रियांका’ही तिथलेच. कोरडवाहू जमिनीतल्या या फळांकडे कुणी इतकं मन लावून पाहतं, याचा आनंद वाटतो.

इकडे शहराच्या कडेला भायली-सेवासीकडे नव्या सोसायट्या उठताहेत. प्रत्येकीला हिरवळ हवी, आणि हिरवळीला बारमाही पाणी. त्याऐवजी कुंपणाला भोकर लावा, लोणच्याची सोय होईल. कोपऱ्यात गावठी बोराची बी जागेवरच रुजवा आणि मग तिच्या रोपावर चांगल्या जातीचा डोळा भरा. पिशवीतल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गुंडाळतं. जागेवर रुजलेलं सरळ खाली ओल शोधत जातं. रायणीला भरपूर मोकळी जागा द्या आणि पहिले काही उन्हाळे पाणी घाला. तिची फळं यायला बरीच वर्षं लागतील. लागू देत, तोवर बोरं आहेतच.