‘आपला माणूस’ कॉइन विकायला येतो तेव्हा

क्रिप्टोच्या नावाने होणारी फसवणूक ही तंत्रज्ञान न कळल्यामुळे होते, असे सर्रास सांगितले जाते. आमचे म्हणणे वेगळे आहे. ही फसवणूक ओळखीवर चालते.

ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या पट्ट्यात आम्ही काम करतो. अभ्यासवर्ग संपला की एखादा तरुण बाजूला येऊन विचारतो, “दादा, एक कॉइन आलंय, घेऊ का?” कंत्राटी नोकरी, डोक्यावर घराचा हप्ता, बहिणीचे शिक्षण बाकी. त्याला माहिती कोणी दिली, असे विचारले तर उत्तर ठरलेले: मावसभावाने, नाहीतर संघटनेतल्या कार्यकर्त्याने. “तो आपलाच आहे, जय भीमवाला आहे, फसवेल कशाला?” इथेच सापळा लागतो. सांगणारा बहुतेक वेळा स्वतःच अडकलेला असतो. खाली दोन माणसे जोडल्याशिवाय त्याचे पैसे सुटणार नसतात.

काही शिकलेले मित्र आमच्याशी वाद घालतात. बँक आपल्याला कर्ज देत नाही, शेअर बाजार पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या हातात राहिला, ब्लॉकचेन मात्र आडनाव विचारत नाही, असे ते म्हणतात. पहिली दोन वाक्ये आम्हाला मान्य आहेत. तिसरेही तांत्रिकदृष्ट्या खरे असेल. पण मित्रांनो, ब्लॉकचेन आडनाव विचारत नसली तरी कॉइन विकणारा तुमचे आडनाव पाहूनच आलेला असतो. कोणत्या वस्तीत कोणाचा शब्द चालतो, हे त्याला पक्के ठाऊक असते.

आपल्याच भागातला इतिहास बघा. 2018 साली ठाणे पोलिसांनी ‘मनी ट्रेड कॉइन’ नावाच्या आभासी चलनाच्या प्रकरणात गुन्हा दाखल केला. त्याच वर्षी ‘गेनबिटकॉइन’चा सूत्रधार पुणे पोलिसांच्या हाती लागला. तिथे बिटकॉइन गुंतवा, 18 महिने दरमहा 10 टक्के घ्या, असे आमिष होते. पुढे बिटकॉइनऐवजी कंपनीनेच काढलेले ‘एमकॅप’ नावाचे टोकन लोकांच्या हाती दिले गेले आणि त्याची किंमत कोसळली. 2022 मध्ये तर तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच, जप्तीतले क्रिप्टो वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी होता. म्हणजे ‘तज्ज्ञ’ या शब्दावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

वस्तू बदलते, पद्धत बदलत नाही. 2019 मध्ये डोंबिवली-ठाण्यातल्या ‘गुडविन’ या सराफी पेढीची दुकाने बंद झाली, तेव्हा सोन्याच्या योजनेतले पैसे अडकले. जानेवारी 2025 मध्ये ‘टोरेस’ बुडाली, तेव्हा कल्याणच्या दुकानासमोरही लोक जमले. तिथे खडे होते आणि आठवड्याला व्याज होते. आज कॉइन आहे. जो नफा कोणत्याही कष्टातून किंवा उत्पादनातून येत नाही, तो पुढच्या माणसाच्या खिशातून येतो. पुढचा माणूस संपला की दुकान बंद.

बाबासाहेबांनी 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, पुढे हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष दिली. चलन किती काढायचे हे ते चालवणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये, त्याला पक्की मर्यादा हवी, हा त्यांचा आग्रह होता. ते क्रिप्टोच्या बाजूने असते की विरोधात, हा पोकळ वाद आहे. त्यांनी साम्राज्याच्या रुपयाला जे प्रश्न विचारले, ते आपण एखाद्या ॲपला तरी विचारतो का? हे कॉइन कोणी काढले? तो उद्या आणखी काढू शकतो का? याच ॲपच्या बाहेर ते कुठे विकता येते? आज थोडी रक्कम काढून दाखवा म्हटले तर ‘आधी टॅक्स भरा’ असे उत्तर येते का? तसे आले तर तिथेच थांबा.

“सरकार 30 टक्के कर घेते, म्हणजे कायदेशीर आहे,” हा युक्तिवादही खोटा आधार देतो. 2022 पासून कर आहे, पण कर म्हणजे हमी नव्हे. 2023 पासून एक्स्चेंजला सरकारच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे नोंदणी करावी लागते. ती काळ्या पैशावर नजर ठेवण्यासाठी आहे, तुमची रक्कम परत मिळवून देण्यासाठी नाही. नोंदणी नसलेल्या ठिकाणी जाऊच नका; पण नोंदणी दिसली म्हणून कर्ज काढूनही जाऊ नका. जुलै 2024 मध्ये ‘वझीरएक्स’वर हल्ला होऊन सुमारे 23 कोटी डॉलरचे क्रिप्टो गेले, तेव्हा सामान्य ग्राहकांचे पैसे महिनोन्‌महिने अडकून पडले.

सर्वांत जास्त काळजी आम्हाला वेगळ्याच गोष्टीची वाटते. “तुझे बँक खाते वापरायला दे, कमिशन घे,” असे सांगून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना गाठले जाते. त्या खात्यातून दुसऱ्या कुणाच्या तरी लुटीचा पैसा फिरतो आणि त्यातून क्रिप्टो घेतले जाते. पोलिसांची पहिली नोटीस खातेदाराला येते, सूत्रधाराला नाही. टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाला क्रिप्टो विकले, तरी चोरीचा पैसा खात्यात येऊन खाते गोठू शकते. आई-बापांनी घडवलेले आयुष्य चारित्र्य पडताळणीत अडकावे, ही किंमत कोणत्याही कमिशनपेक्षा मोठी आहे.

फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नका. ताबडतोब 1930 वर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा क्रमांक, वॉलेटचा पत्ता, चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. एकाच योजनेत अनेक जण बुडाले असतील तर एकत्र जा. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात 1999 चा एमपीआयडी कायदा आहे आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा 2019 चा केंद्राचा कायदा आहे. तो लावण्याचा आग्रह धरा. “पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा,” असे म्हणणारा दुसरा चोर असतो.

आणि कार्यकर्त्यांना एक विनंती. विहाराचा, जयंतीचा मंच कोणत्याही गुंतवणूक योजनेला देऊ नका, देणगी कितीही मोठी असो. बुद्धाने कालामांना सांगितले होते की, केवळ सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका. मग सांगणारा आपला नातेवाईक आहे, एवढ्यावर आपण आयुष्याची पुंजी कशी देतो? प्रश्न विचारल्याने नाते तुटत नाही. ते तुटते पैसे बुडाल्यावर, आणि त्याबरोबर वस्तीतला एकमेकांवरचा विश्वासही जातो. चळवळ याच विश्वासावर उभी आहे.

जय भीम.