विंदांची दोन खाती

विंदा करंदीकरांवर प्रश्न आला की आपण ठरलेले उत्तर लिहितो. 'स्वेदगंगा' (१९४९) मधला सामाजिक आवेश, मग 'मृद्गंध', 'धृपद', 'जातक'. मुक्तसुनीत, तालचित्र, विरूपिका हे प्रयोग. २००३ सालचे ज्ञानपीठ. शेवटी वेळ उरलाच तर एक वाक्य : 'त्यांनी बालकविताही लिहिली.' या 'ही'वर माझा राग आहे.

सूचीतली साले जरा शेजारी शेजारी मांडून पाहावीत. १९६५ साली गटेच्या 'फाउस्ट'च्या पहिल्या भागाचे भाषांतर आले आणि त्याच साली 'परी ग परी'. १९७४ साली 'राजा लिअर' आणि 'अजबखाना'. १९८१ साली 'विरूपिका' आणि 'पिशी मावशी आणि तिची भुतावळ'. वादळात वेडापिसा झालेला म्हातारा राजा मराठीत आणणारा हा इंग्रजीचा प्राध्यापक त्याच वर्षी मुलांच्या हाती 'अजबखाना' देतो. याला फावल्या वेळचा उद्योग कसे म्हणावे? समीक्षकांनी मात्र दोन खाती उघडली. एक मोठ्यांचे, एक पोरांचे, आणि दुसऱ्याकडे पाहायला कुणाला सवड नाही.

आमच्या घरात मुलांचे पुस्तक असे कधी आलेच नाही. शाळेतली क्रमिक पुस्तके, तीही वापरलेली. 'पिशी मावशी' मी पहिल्यांदा वाचली ती कॉलेजात आल्यावर, एका मैत्रिणीच्या घरून आणून, धाकट्या भावासाठी मोठ्याने. भाऊ हसून लोळत होता. आई चुलीपुढून म्हणाली, "हे कालेजात शिकवत्यात व्हय गं?" मी नाही म्हटले. थोड्या वेळाने तिने आपणहून विहिरीजवळच्या पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट त्यात जोडून दिली. आईला अक्षर येत नाही. 'जातक' मी तिला कसे वाचून दाखवणार होते? पण त्याच कवीच्या भुतावळीत तिने स्वतःचे एक भूत आणून बसवले, आणि ते तिथे शोभलेही.

हे आपोआप होत नाही. मुलांसाठी लिहिताना ताल एका मात्रेने ढळला तर मूल लगेच दुसरीकडे पाहते. त्याला कवीची कीर्ती ठाऊक नसते. मुक्तछंदात मुरलेल्या कवीने ही शिस्त पत्करली, आणि उपदेशाला बहुधा दाराबाहेर ठेवले. आपल्याकडच्या बालगीतांत 'खोटे बोलू नये' इतक्या वेळा येते की मुलाला आधीच जांभई येते. विंदांच्या 'एटू लोकांचा देश' (१९६३) मध्ये मात्र जगच उफराटे. विरूपिकांतला विक्षिप्तपणा आणि हा विक्षिप्तपणा यांत मला तरी नात्याची खूण दिसते.

आणखी एक गोष्ट. वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांच्यासह विंदा गावोगावी कविता वाचत फिरले. कविता कानाने ऐकायची असते हे तिथे जमलेल्यांना सांगावे लागले नसेल. २३ ऑगस्ट १९१८ रोजी कोकणात धालवलीला जन्मलेला हा माणूस मुंबईच्या रुइया, एस.आय.ई.एस. अशा महाविद्यालयांत शेक्सपिअरच्या भाषेचा अध्यापक झाला, पुढे 'अष्टदर्शने'त कांट-हेगेलपासून चार्वाकापर्यंतची मते कवितेत बांधली, आणि १४ मार्च २०१० रोजी गेला. वर्ग मोठ्यांचा असो की पोरांचा, शिकवणारा एकच होता.

आपल्या ग्रंथालयात 'जातक'च्या तीन प्रती आहेत. 'अजबखाना' एकही नाही. मागणीवहीत मी नाव लिहिले आहे. खाली जागा भरपूर आहे.