बऱ्हाणपूरची दुपार

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही मेलबर्नहून बऱ्हाणपूरला गेलो. मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं. भुसावळहून निघालेली गाडी रावेर ओलांडते, महाराष्ट्र संपतो, मध्य प्रदेश लागतो; पण खिडकीबाहेर तीच केळीची बागायत आणि डब्यात तीच मराठी. लालबागला स्टेशनवर उतरल्या उतरल्या माझ्या लेकीने आधी टोपी घातली आणि मग सनस्क्रीनची बाटली काढली. तिच्या शाळेत टोपी नसेल तर मैदानावर खेळू देत नाहीत.

मामा हसले. म्हणाले, "अगं, आपली कातडी उन्हातच रापलेली. तिला कशाला मलम?"

मामांचं म्हणणं अर्धं खरं होतं. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त असतं आणि ते अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात अडवतं. म्हणूनच त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्यात फार कमी. उरलेलं अर्धं मात्र मला त्याच मुक्कामात कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या आत-बाहेर लेक अंगणातून ओरडली, "आई, माझी सावली गेली!" खरंच, सावली पायाखाली गोळा झाली होती. बऱ्हाणपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मेअखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर सूर्य इथे थेट डोक्यावर येतो. लेकीला शाळेत शिकवलेला नियम आठवला: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल, तर ऊन त्वचेला बाधणारं आहे असं समजावं.

पण त्या वेळी गल्लीत होतं कोण? मामा पहाटेच केळीत जाऊन अकराच्या आत परतले होते. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला आणि कानांना गुंडाळलेला पांढरा रुमाल. मामी पदर पुढे ओढल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हत्या. चारपर्यंत दारं बंद. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून 'सदरा घाला, क्रीम लावा, टोपी चढवा' अशी मोहीम चालली आहे. त्यातल्या दोन गोष्टी या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या होत्या.

ऊन उतरल्यावर कुंडी भंडारा पाहायला गेलो. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणलं गेलं. वरून विहिरींसारख्या दिसणाऱ्या कुंड्यांची रांग, आणि लिफ्टने सुमारे ८० फूट खाली उतरलं की गारवा. या गावाने पाणीसुद्धा उन्हापासून लपवून ठेवलं होतं!

तिथे उभी असताना मला आमचीच चूक उमगली. बऱ्हाणपूरचं ऊन पोळतं, म्हणून माणूस आपसूक सावलीत जातो. मेलबर्नला जानेवारीतसुद्धा गार वारा सुटतो, आणि आपली मंडळी दुपारभर उघड्या डोक्याने क्रिकेट खेळतात, समुद्रावर बसतात. पण अतिनील किरण हवेच्या उष्णतेवर ठरत नाहीत, आणि पातळ ढगांतूनही ते येतात. आपण इथे येताना कातडीचा रंग बरोबर आणला, सवयी मात्र तिकडेच ठेवून आलो.

संध्याकाळी घरी परतल्यावर मामा मोरीत पाय धुत होते. लहानपणी चुलीवरचं पाणी सांडून त्यांची नडगी भाजली होती. त्या जुन्या व्रणात एक जखम दिसली, कडा उचललेल्या.

"मामा, हे कधीपासून?"

"झाले तीन-चार महिने. हळद लावतो ना. भरते आणि पुन्हा फुटते."

लग्न होईपर्यंत थांबू म्हणत होते. मी ऐकलं नाही. डॉक्टरांनी लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. लग्नानंतर चार दिवसांनी अहवाल आला: त्वचेचा कर्करोग. नशिबाने पसरला नव्हता. शस्त्रक्रिया झाली, मांडीची कातडी काढून तिथे बसवली. आता मामा पुन्हा पहाटे केळीत जातात.

हा रोग उन्हाने आलेला नव्हता. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत तो पुष्कळदा भाजल्याच्या व्रणात किंवा वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेत निघतो; कधी तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली काळा डाग होऊन येतो. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये अवघ्या ३६ व्या वर्षी गेला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या अशाच कर्करोगाने. अशा जागी आपण पाहतच नाही, कारण 'आपल्याला होत नाही' हे मनात पक्कं बसलेलं असतं.

तेव्हा मंडळी, दोन्ही सांभाळू या. अतिनील निर्देशांक ३ किंवा वर असेल तर टोपी, पूर्ण बाह्या, सावली, आणि उघड्या अंगाला एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन. बाहेर पडण्याआधी २० मिनिटं, मग दर दोन तासांनी. आणि महिन्यातून एकदा तळपायापासून कानामागेपर्यंत अंग नीट पाहायचं. महिनाभरात न भरलेली जखम, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, नखाखालची नवी काळी रेघ दिसली की डॉक्टर गाठायचा.

परवा फोनवर मामी सांगत होत्या, मामा आता रोज रात्री स्वतःचे तळपाय दिव्याखाली धरून बघतात. मामांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्या लेकीला सांग, मलम तेवढं अजून लावत नाही. रुमाल मात्र सोडलेला नाही."